फोर्ट मेसनचा फेब्रुवारी

सॅन फ्रान्सिस्कोत फोर्ट मेसनच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर अल्काट्राझ बेट दिसतं. नोव्हेंबर १९६९मध्ये मूळनिवासी तरुणांनी ते ताब्यात घेतलं आणि जून १९७१पर्यंत सोडलं नाही. ह्याच धक्क्यावरच्या लांबलचक सभागृहात ‘बे एरिया अमेरिकन इंडियन टू-स्पिरिट्स’ ही संस्था फेब्रुवारीत आपला पॉववॉव, म्हणजे मूळनिवासींचा नाच-गाण्यांचा मेळावा, भरवते. समलिंगी, पारलिंगी, बाई-पुरुष ह्या चौकटीत न मावणाऱ्या मूळनिवासींचा हा सोहळा २०१२ साली सुरू झाला. आमच्यासारख्या पाहुण्यांनाही तिथे मोकळा प्रवेश असतो. नवीन वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की मी आणि नवरा आधी त्याच्या तारखेवर खूण करायचो.

ह्या शहरात अशा मंडळींची जमवाजमव जुनी आहे. १९७५मध्ये लकोटा जमातीच्या लेखिका बार्बरा कॅमरॉन आणि पायूट जमातीचे कार्यकर्ते रँडी बर्न्स यांनी इथेच ‘गे अमेरिकन इंडियन्स’ ही संघटना उभी केली होती. रिंगणाभोवतीच्या खुर्च्यांवर बसलेली पिकल्या केसांची माणसं तो काळ सांगायची, तेव्हा फ्राय ब्रेडची बशी मांडीवर तशीच राहायची. गरम असताना तो अगदी भटुऱ्यासारखा लागतो, आणि ऐकता ऐकता गार होतो.

ग्रँड एंट्रीला, म्हणजे नर्तक मिरवत रिंगणात येतात तेव्हा, सगळे उठून उभे राहतात. एकाच मोठ्या ढोलाभोवती बसून गायक त्यावर टिपऱ्यांचे ठोके देत गातात. तो आवाज पायांतून वर चढतो. एरवी पॉववॉवमध्ये बायकांचे नाच वेगळे, पुरुषांचे वेगळे. इथे कोणता नाच नाचायचा ते नाचणाऱ्याने ठरवायचं. धातूच्या शंकूंनी लगडलेला, एरवी बायकांनी घालायचा जिंगल ड्रेस घालून एक दाढीवाला नर्तक रिंगणात उतरला, तेव्हा शेजारच्या आजी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मीही रडले होते.

तिथेच ती भेटली. कृष्णवर्णीय, मस्कोगी ह्या मूळनिवासी राष्ट्रातली, आणि आपल्या मैत्रिणीचा हात धरून उघडपणे वावरणारी. तिच्या घराची गोष्ट समजायला मला काही वर्षं लागली. मस्कोगींसह अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाच मूळनिवासी राष्ट्रांतल्या लोकांनी कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून ठेवलं होतं. १८३०च्या दशकात ह्या राष्ट्रांना जन्मभूमीतून हुसकलं गेलं, तेव्हा हे गुलामही सोबत नेले गेले. अमेरिकेशी झालेल्या १८६६च्या तहाने मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मस्कोगी राष्ट्रात बरोबरीचे हक्क दिले. पुढे अमेरिकी सरकारने ह्या राष्ट्रांतल्या लोकांच्या केलेल्या ‘डॉझ’ याद्यांमध्ये त्यांची नावं ‘फ्रीडमेन’ म्हणून वेगळी लिहिली गेली, आणि १९७९च्या मस्कोगी राज्यघटनेने त्या वंशजांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. तिची पणजी त्या फ्रीडमेन यादीतली.

इतर पॉववॉवमध्ये तिला कुरळ्या केसांवरून ‘तू नक्की कुठली?’ असं विचारत. चर्चमध्ये मैत्रिणीवरून बोटं दाखवत. फोर्ट मेसनला ती शाल पसरून नाचायची आणि नंतर कोपऱ्यात बसून गुलामगिरीचा हा इतिहास स्पष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांत मूळनिवासीही असत आणि कृष्णवर्णीयही. काही जण अवघडायचे, पण उठून जाताना मी कुणाला पाहिलं नाही. दोन समाजांनी एकमेकांना साथ द्यायची तर ती अशा माणसांचं ऐकूनच, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. दोन्हीकडचं दुःख त्यांच्या एकाच घरात असतं आणि त्यातलं एकही त्यांना बाजूला सारता येत नाही.

सॅन होजेच्या वाचनालयात एडमोनिया लुईसने घडवलेली संगमरवरी शिल्पं आहेत, ती आम्हाला तिनेच दाखवली. एडमोनिया कृष्णवर्णीय आणि ओजिब्वे वंशाची. रोमला जाऊन शिल्पकार म्हणून नाव कमावलेली ही बाई १८७३मध्ये आपली शिल्पं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आली होती. मी लगेच सांगितलं की त्याच वर्षी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तिने फुल्यांचं नाव वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त वाचून आली!

जुलै २०२५मध्ये मस्कोगी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रीडमेन वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क मान्य केला. मी लगेच तिला फोन लावला. पलीकडे आधी तिची आईच बोलली, कागद कुठल्या पेटीत आहेत ते मोठ्याने सांगत. मग ती स्वतः म्हणाली, “फेब्रुवारीत आईलाही घेऊन येते. तुझ्या शेजारची खुर्ची धर.”