विरजण

बुधवार, रात्री साडेदहा

आज शनिवार पेठेतल्या काकू येऊन गेल्या. (ओळख पटू नये म्हणून रोजनिशीतही दोन-तीन गोष्टी बदलूनच लिहिते.) निथळती छत्री घेऊन तशाच आत आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत फडकं मागून स्वतःच फरशी पुसली. मार्चमध्ये ह्याच बाई पदराचं टोक पिळत बसायच्या. काहीही विचारलं तरी "बरं आहे."

काका जाऊन चार वर्षं झाली. झोप नाही, भूक नाही, नावं आठवत नाहीत. मी नैराश्यावरची एस्सिटालोप्रामची गोळी सुरू केली, पाचची दहा केली. दोन महिने झाले तरी ढिम्म. आता दुसरी गोळी जोडावी का, अशा विचारात होते. पायांना मुंग्या येतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते मी लिहूनही घेतलं होतं. पण डायबेटिस आहे म्हटल्यावर मुंग्या शुगरच्या खात्यात आणि झोप माझ्या, म्हणजे मानसोपचाराच्या खात्यात. दहा वर्षं चालू असलेलं शुगरवरचं मेटफॉर्मिनही फाईलमध्ये होतं, माझ्याच अक्षरात.

एके दिवशी पेशंट कमी होते म्हणून सहज विचारलं, "काकू, काल रात्री काय जेवलात?"

"चहा-पोळी. एकटीसाठी काय रांधायचं हो? हे गेल्यापासून विरजणसुद्धा लावलं नाही. दही ह्यांनाच लागायचं."

माणूस शाकाहारी असला की व्हिटॅमिन बी-१२ बहुतेक दूधदुभत्यातूनच मिळतं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते अंगी कमी लागतं. आणि कमतरतेने मुंग्या येतात, विसरायला होतं, मनही खचतं. बी-१२चा रिपोर्ट आला ११८. दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. इंजेक्शनं सुरू केली.

पण सगळा दोष व्हिटॅमिनवर ढकलून मोकळं होणं म्हणजे पुन्हा तीच खातेवाटणी. दही बंद झालं ते काका गेले म्हणून. संध्याकाळी ओंकारेश्वराला जाणंही तेव्हाच सुटलं, कारण जायचे ते दोघं मिळून. यातलं दुःख कुठलं आणि आजार कुठला, ते सुटं करून दाखवणं मला तरी जमणार नाही.

शरीर, मन आणि भोवतालची माणसं एकत्र बघा, हे अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. परीक्षेसाठी मी ते तोंडपाठ केलं होतं, लिहिलंही छान असणार. खरं शिकवलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगमधल्या एका जुन्या सिस्टरांनी. राऊंडला आम्ही फाईल उघडायचो, त्या मात्र आधी पेशंटचं ताट बघायच्या, किती उरलंय ते. आम्हाला वाटायचं, सवय असेल.

हल्ली नवीन पेशंटला पाऊण तास देते. बाहेर रांग तुंबते, कंपाउंडर दारातून दोनदा डोकावतो. परवा हिंजवडीच्या एका मुलाला रात्रपाळीत काय खातो विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, मी डाएटसाठी नाही आलोय."

काकूंची गोळी इतक्यात बंद करणार नाही. मुंग्या कमी आहेत, झोप पहाटे तीनपर्यंत टिकते. भाची शनिवारी येते, दोघी ओंकारेश्वराला जातात. विरजणाचं विचारायचं आज राहूनच गेलं. पुढची तारीख पंधरा दिवसांनी.