गाडी बंद, पंखा चालू

चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत राहिला, म्हणजे गाडी बिघडलीच, असे धरून चालण्याची घाई करू नये. कसारा घाट चढून आलेली किंवा द्वारका चौकातल्या कोंडीत एसी लावून रखडलेली गाडी बंद केली, की इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप त्याच क्षणी थांबतो. सिलिंडर हेडचा तापलेला धातू मात्र जागच्या जागी थबकलेल्या कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, उष्णता देत राहतो आणि त्यामुळे पहिली काही मिनिटे कूलंटचे तापमान उतरण्याऐवजी चढते. ज्या गाड्यांमध्ये इंजिन बंद झाल्यावरही पंख्याला बॅटरीचा पुरवठा मिळण्याची सोय असते, त्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, अशा वेळी पंखा मुद्दाम चालू ठेवतो. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक कारण असते: धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ या गाळणीत साठलेली काजळी जळत असताना मध्येच गाडी बंद केली, तर पंखा काही मिनिटे जोरात फिरतो. हे सारे ठरल्याप्रमाणेच चाललेले असते.

संशय घ्यायचा तो इंजिन निवल्यावरही पंखा थांबत नसेल तेव्हा. आमच्या पेट्रोल गाडीचे तसेच झाले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर सोसायटीचे वॉचमनकाका सांगत आले, "साहेब, तुमच्या गाडीत काहीतरी फिरतंय." बोनेटला हात लावला तर ते पुरते निवलेले होते आणि आत पंखा पूर्ण वेगाने चालू होता. लहान गाडीचा पंखाही सहज दहा-पंधरा अँपिअर ओढतो, तेव्हा 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीला रात्र काढणे शक्यच नव्हते. तूर्त बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवले.

एका मेकॅनिकने फोनवरच निदान केले, की कूलंटचा सेन्सर गेला आहे, बदलून टाका. सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर खराब झाला, तर बरेच ईसीयू खबरदारी म्हणून पंखा सतत चालवतात, हे खरेच. परंतु सेन्सरची परीक्षा पैसे न मोडता होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ईसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर लावावा, म्हणजे कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास दिसले पाहिजे. नाशिकच्या हिवाळ्यात ही परीक्षा विशेष चोख होते, कारण पारा दहा-बारा अंशांवर असताना स्कॅनरने ऐंशी दाखवले, तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. आमचा सेन्सर हवेशी जुळणारा आकडा दाखवत होता.

मग रिलेकडे, म्हणजे ईसीयूच्या हुकमावरून पंख्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचकडे, वळलो. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेल्या नकाशावरून पंख्याचा रिले शोधून उपटला, आणि पंखा तत्काळ थांबला. या एका कृतीने प्रकरणाची दोन भागांत वाटणी होते, म्हणून मी तिला सर्वांत जास्त महत्त्व देतो. रिले काढूनही पंखा फिरत राहिला असता, तर पुढच्या वायरिंगला कुठूनतरी थेट वीज मिळते आहे, असा अर्थ झाला असता; हॉर्न किंवा जादा दिवे बसवताना केलेले जोड अशा वेळी आधी तपासावेत. पंखा थांबला असेल, तर दोष रिलेत तरी आहे किंवा रिलेला हुकूम देणाऱ्या बाजूला तरी. हातात घेतलेल्या रिलेच्या 30 आणि 87 या, पंख्याची वीज वाहून नेणाऱ्या पिनांवर, आतून जोड असेल तर वाजणारा मल्टीमीटर लावला, तर तो शांत राहायला हवा. आमचा बीप करू लागला. आवरण उघडले, तेव्हा दोन्ही संपर्कबिंदू काळे पडून एका बारीक मण्याने एकमेकांना चिकटलेले दिसले. असा रिले स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला, तर कधी कधी सुटतोही, पण त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

रिले चिकटला कशाने, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. बॅटरी सोडवलेली असताना पंखा हाताने फिरवून पाहिला, तो जड होता आणि खरखरत होता. बेअरिंग गेलेली मोटर जास्त करंट ओढते आणि तो भार रिलेच्या संपर्कांवर पडतो. नुसता रिले बदलला असता, तर नवाही त्याच वाटेने गेला असता, म्हणून मोटरही बदलली. पंख्याची वायर तोडून डॅशबोर्डवर बटण बसवून देण्याचा सल्लाही मिळाला होता, पण घाटात ते दाबायचे राहिले तर इंजिन तापून हेड गॅस्केटचा खर्च पदरात पडतो, त्यामुळे तो मी ऐकून घेतला आणि सोडून दिला.

नवा रिले घेताना जुन्यावरचा अँपिअरचा आकडा आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळवून घ्यावी, कारण बाहेरून सारखे दिसणारे रिले आतून नेहमी सारखे नसतात.