माळावर जाण्याआधी काय वाचताय?

गणपती उठले की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर भोवत्यांची, म्हणजे हॅरिअर या शिकारी पक्ष्यांची, वाट पाहणे सुरू होते. सप्टेंबरच्या अखेरीस पहिले पक्षी दिसू लागतात आणि मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. म्हणून सोलापुरातल्या पक्षीनिरीक्षकांनी भोवत्यांवरची पाने आत्ताच वाचून एकमेकांना सांगायला हवीत. पक्षी समोर आल्यावर पुस्तक उघडले, तर नजर पानात अडकते आणि तेवढ्यात भोवत्या गवतापलीकडे निघून जातो. वाचन माळाच्या एक महिना पुढे असले पाहिजे.

"सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला बहुतेक जण पुस्तकाचे नाव सांगतात, "छान आहे" म्हणतात आणि बोलणे तिथेच थांबते. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पुस्तक अख्खे सांगू नका, एक पान सांगा. तेही असे, की त्यातले एखादे विधान पुढच्या फेरीत दुर्बिणीतून तपासता येईल. पाच बाय तीन इंचांचे कार्ड पुरते. वर पक्ष्याचे मराठी आणि शास्त्रीय नाव, खाली पुस्तक, आवृत्तीचे वर्ष आणि पान क्रमांक, मग ते एक विधान आपल्या शब्दांत, आणि शेवटी माळावर नेमके काय पाहायचे ते. बोलायला पाच मिनिटे. सहा जण असतील तर अर्ध्या तासात सहा पाने होतात, आणि सकाळच्या फेरीनंतर चहाबरोबर ती सहज पचतात. दहा-बारा जण झाले की दोन गट करा, नाहीतर शेवटच्या माणसाचे पान कुणीच ऐकत नाही.

कार्डावर काय यावे, ते भोवत्यांच्याच उदाहरणाने सांगतो. आपल्या गवताळ माळावर माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन्ही येतात. नर ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. माँटेग्यूच्या राखाडी पंखावर वरून एक काळी रेघ दिसते आणि पोटाच्या बाजूंवर तांबूस रेषा असतात. पांढुरक्याचा नर बराच फिकट, पंखाच्या टोकाला पाचरीसारखा काळा भाग. खरी अडचण माद्यांची. दोघी तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, दोघींच्या शेपटीवर आडवे पट्टे. पाठमोरा पक्षी पाहून "पांढरा पट्टा दिसला, म्हणजे पांढुरका" अशी नोंद होते, आणि ती चूक ठरू शकते. पाहायचा तो चेहरा. पांढुरक्याच्या मादीच्या मानेभोवती फिकट कॉलर उठून दिसते आणि तिच्यामागे गडद पट्टा असतो. माँटेग्यूच्या मादीत ही कॉलर पुसट असते किंवा नसतेच. पिल्लावस्थेतले पक्षी खालून एकसारखे तांबूस, रेषा नसलेले. मोठ्या मादीच्या छातीवर उभ्या रेषा. तेव्हा कार्डावरची शेवटची ओळ अशी हवी: "आधी चेहरा, मग छाती, चेहरा दिसला नाही तर जात अनिश्चित लिहा." एवढे वाचून गेलेल्या गटाची वर्षभराची यादी जास्त भरवशाची होते.

आवृत्तीचे वर्ष लिहायचा कंटाळा करू नका. आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुखपृष्ठामागच्या पानावर 2010 छापलेले असले, तरी आतला मजकूर 1970 च्या दशकातला असू शकतो. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे सुप्रसिद्ध पुस्तक पहिल्यांदा 1941 मध्ये आले. अशा जुन्या पुस्तकांतली सवयींची, घरट्यांची, उडण्याच्या ढबीची वर्णने आजही उत्तम लागू पडतात. "कुठे आढळतो" आणि "किती आढळतो" ही वाक्ये मात्र त्या काळाची. माळढोकाबद्दल जुन्या पुस्तकात दख्खनभर आढळणारा पक्षी असे वाचले आणि तेच आजचे म्हणून सांगितले, तर नवख्या माणसाची दिशाभूल होते. हा पक्षी 2011 पासून संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचेही तसेच. 1979 मध्ये ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते, पुढे ते सुमारे 1,222 वर आणले गेले. दोन लेखांत दोन आकडे दिसले म्हणून एक लेखक चुकीचा ठरत नाही. लेखाचे वर्ष पाहिले की उलगडा होतो.

शास्त्रीय नावेही बदलतात. माळढोकाच्या नावात जुन्या पुस्तकांत कोरिओटिस दिसेल, आता आर्डिओटिस आहे. ठिपकेवाल्या होल्याचे स्ट्रेप्टोपेलिया आता स्पिलोपेलिया झाले. कांड्या करकोच्याचे अँथ्रोपोइडिस जाऊन ग्रूस आले. कार्डावर दोन्ही नावे लिहिली की नव्या मार्गदर्शिकेतही पान सापडते आणि जुन्या खंडातही.

लांबीच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पुस्तकातले सेंटिमीटर म्हणजे पक्षी आडवा ठेवून चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घेतलेले माप. कोतवाल सुमारे 30 सेंटिमीटर आणि साळुंकी सुमारे 23 असे वाचल्यावर कोतवाल खूप मोठा वाटतो. प्रत्यक्षात फरक बराचसा शेपटीचा आहे. माळावर तर तुलनेसाठी झाडही जवळ नसते. म्हणून जुन्या पुस्तकांतली "चिमणीपेक्षा मोठा", "साळुंकीएवढा" ही पद्धत आकड्यापेक्षा जास्त कामाची, आणि सांगतानाही तीच वापरा.

मराठी नावांवर जरा थांबायला हवे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. 2006 मध्ये याच शहरात भरलेल्या 79 व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी पक्षीनामांचा मोठा साठा त्यांच्यामुळे आपल्या हाती आहे. पण त्यांची नोकरी वनखात्यातली आणि बराच काळ विदर्भाच्या जंगलातला, त्यामुळे त्यांच्या लेखनातली काही नावे तिकडच्या रानातली आहेत, आपल्या माळावरच्या धनगराच्या तोंडची नव्हेत. वाचलेले नाव सांगताना "हे कुठले?" हे विचारायलाच हवे. सोलापुरात तर ही चैनच आहे. एकाच गटात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे असतात. माळढोकाला तेलुगूत बट्टमेक म्हणतात, राजस्थानात तो गोडावण. प्रत्येकाच्या घरातले नाव कार्डाच्या मागे लिहून घ्या, गावासकट.

आवाजाच्या वर्णनातही भाषा आडवी येते. पावशा मराठी माणसाला "पेरते व्हा" म्हणतो, हिंदीत "पी कहाँ", इंग्रजी पुस्तकात "ब्रेन फीवर". पक्षी तोच, आवाज तोच. इंग्रजी पुस्तकातली अक्षरे पाठ करून गेलात तर कान भलतेच शोधत बसतो. वाचताना अक्षरे सोडा. किती सूर, चढत जातो की उतरत, शेवटी एकदम थांबतो का, एवढे टिपा. पावशाचा सूर एकेक पायरी वर चढत जातो आणि तुटल्यासारखा थांबतो. हे वाक्य कुठल्याही भाषेच्या माणसाला उपयोगी पडते.

पुस्तकांच्या देवघेवीबद्दल थोडक्यात. माळावर फक्त खिशातली मार्गदर्शिका न्या, जाड खंड घरीच. सोलापूरच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या पुस्तकाची डिंकाची बांधणी सैल होते आणि पाने सुटतात. शिवलेली बांधणी टिकते. खुणा पेन्सिलीने करा, घामाच्या हाताने शाई फुटते. पानाचा फोटो पाठवायचा तर सावलीत, पान सपाट ठेवून, पान क्रमांक दिसेल असा, आणि सोबत आवृत्तीच्या पानाचाही. एखाद-दुसरे पान पुरे. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ फिरवू नका, मराठीत निसर्गावर छापणारे आधीच मोजके आहेत.

एक पथ्य मात्र कडक पाळा. टिटवी, धाविक, पखुर्डी हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी उन्हाळ्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी धरून पिल्लांपर्यंत नेतो. असे पान वाचले की ते बघायला जावेसे वाटणारच. पण आपण जवळ उभे राहिलो तर पक्षी अंड्यांवर परतत नाही, आणि मेच्या उन्हात उघडी अंडी थोड्या वेळात तापतात. विणीवरची पाने जरूर वाचा, सांगा. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका.

ऑक्टोबरसाठी भोवत्यांबरोबर चंडोल वाचायला घ्या. डोंबारी हा चंडोलांपैकीच एक, तो वर्षभर दिसतो, त्यामुळे त्याच्यापासून सुरुवात करा: नराचे पोट काळे, गाल पांढरा, आणि उंच जाऊन पंख मिटून सूर मारायची सवय. नोव्हेंबरात हिप्परगा तलावावर बदके उतरतील. थापट्याचे पान आधी शोधून ठेवा. जुन्या पुस्तकात तो अनासमध्ये सापडेल, नव्यात स्पॅट्युलामध्ये.