कारवान कुत्रा रंगवताना

जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्या आणि शोच्या रिंगमध्ये कुत्रा उभा करणाऱ्या माणसाकडे एक ठेवा असतो. कातडीखाली काय आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. खांद्याचं हाड किती तिरकं आहे, छाती कोपरापर्यंत उतरली आहे का, शेवटची बरगडी कुठे संपते, हे जज ज्या क्रमाने चाचपून बघतो, त्याच क्रमाने आपणही हात फिरवावा आणि मगच पेन्सिल उचलावी. फोटोवरून काढलेल्या चित्रात केस सुंदर जमतात, पण आत हाडं नसतात. कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड, या सडपातळ शिकारी कुत्र्याच्या बाबतीत ही उणीव लगेच उघडी पडते, कारण त्याच्या अंगावर लपवायला लांब केसच नाहीत.

तरी फोटो लागतातच. फोन जवळ नेऊन काढला की नाकाड फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. तीन-चार मीटर लांब उभं राहा आणि दुप्पट-तिप्पट झूम वापरा. पूर्ण कुत्र्यासाठी कॅमेरा त्याच्या कोपराच्या उंचीवर हवा, डोक्यासाठी डोळ्यांच्या उंचीवर. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि ती चूक पुढे चित्रभर राहते. फ्लॅश नको, डोळ्यांत हिरवट-पिवळी चमक येते. सकाळचं कोवळं ऊन किंवा मोकळ्या आकाशाखालची सावली सगळ्यात चांगली. स्टॅक केलेल्या, म्हणजे शोच्या पवित्र्यात ताठ उभ्या केलेल्या कुत्र्याचा बाजूचा फोटो मापांसाठी घ्या, पण चेहरा त्यावरून रंगवू नका. वर ओढलेल्या लीडमुळे (पट्ट्याच्या दोरीमुळे) गळ्याची कातडी पुढे सरकते आणि नजर हँडलरच्या हातातल्या खाऊवर अडकलेली असते. चेहऱ्यासाठी कुत्रा रिंगबाहेर निवांत, लांबवर काहीतरी न्याहाळत असताना टिपावा. कारवान नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे, त्याचा खरा चेहरा तोच. छाती, मानेच्या बाजू आणि मांड्यांच्या मागचे भोवरे वेगळे टिपून ठेवा, केसांची दिशा तिथेच फिरते.

रेखाटनात सर्वाधिक बिघडतं ते डोकं. लॅब्रेडॉर काढून सरावलेला हात कपाळ आणि नाकाड यांच्या मधे खाच पाडतो. कारवानला ती जेमतेम असते. डोकं लांब, निमुळतं, डोळे बदामाच्या आकाराचे. डोक्याची लांबी हे माप धरून बाकीचं अंग मोजा. अंगाची लांबी उंचीपेक्षा किंचितच जास्त भरली पाहिजे. नराची उंची साधारण ६८ ते ७२ सेंमी, मादीची ६४ ते ६८. जोडीचं चित्र असेल तर हा फरक दिसू द्या. कमरेची हाडं आणि शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसणं हे धडधाकट कारवानचं लक्षण आहे. कुत्रा उपाशी दिसतो म्हणून पोट भरून रंगवलं की तो कारवान राहत नाही.

बदामी अंगासाठी यलो ऑकर, पांढरा आणि जरासा बर्न्ट सिएना. सावलीसाठी त्यातच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून रंग करडा करायचा. काळा कुत्रा ट्यूबमधल्या काळ्याने रंगवू नका, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचा गडद काळा करा आणि पाठीवर आकाशाची थंड निळसर झाक ठेवा. पट्टेरी कुत्र्याचे पट्टे बरगड्यांच्या गोलाईबरोबर वळतात. सरळ ओढले की अंग सपाट होतं. सुटे केस फक्त कडांवर, म्हणजे कानाची किनार, गालाची बाजू, मांडीची मागची रेघ. पश्मी, म्हणजे झालरवाला कारवान असेल तर कान आणि शेपटीची झालर सगळ्यात शेवटी, कोरड्या ब्रशने. डोळ्यात वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. ती आधी टाका, चमकेचा ठिपका नंतर. सावली विसरली की कुत्रा दचकल्यासारखा दिसतो.

चित्र मागणारे अनेकदा म्हणतात, पास्टर्न (पंजाच्या वरचा पायाचा भाग) जरा सरळ करा, शेपटी थोडी खाली घ्या. घरच्या लाडक्या कुत्र्याच्या अंगावरचा व्रण झाकला तर कोणाचं बिघडत नाही. पण ज्या नराकडून पुढची पिल्लं घ्यायची आहेत, त्याच्या चित्रात दोष दुरुस्त करणं ही फसवणूक आहे. चित्राची ताकद कमी लेखू नये. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार एडविन लँडसियर याने काळीपांढरी न्यूफाउंडलंड कुत्री रंगवली आणि आज लँडसियर याच नावाची स्वतंत्र जात एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या यादीत आहे.

पैदास आणि चित्रं या दोन्ही कामांचं वेळापत्रक एकमेकांत नीट बसवावं लागतं. शो मुख्यतः हिवाळ्यात असतात, फोटो आणि मापं तेव्हाच उरकावीत. मादीचं चित्र तिला नराला लावण्याआधीच करा. पिल्लं दूध पिऊन सुटली तरी पोटाची रेघ बरेच दिवस सैल राहते. कायद्याने १८ महिन्यांच्या आत मादी लावता येत नाही, त्यामुळे वेळ हाताशी असतो. नराची छाती आणि डोकं भरायला दोनेक वर्षं लागतात, घाई करू नये. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यांत आणि पिल्लं असेपर्यंत टर्पेंटाइन, फिक्सेटिव्ह (पेस्टल पक्कं करणारा फवारा) तिच्या खोलीच्या जवळपासही नको. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पेटीत ३० अंशांच्या आसपास ऊब ठेवावी लागते, खिडक्या बंद असतात आणि वास तिथेच कोंडतो. कॅडमियम किंवा शिसं असलेले रंग पॅलेटवर उघडे ठेवू नका. कुत्रं चाटणारच.

पावसाळ्यात तैलरंग रेंगाळत वाळतात आणि सॉफ्ट पेस्टलला काचेखाली बुरशी धरते. काच आणि कागदामधे माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवी, भिंत ओलसर नको. तैलरंगाच्या जाड थरावर वॉर्निश सहा महिन्यांआधी लावू नका.

चित्राच्या मागे कुत्र्याचं नोंदणीतलं नाव, आई-बाप, चिप क्रमांक, जन्मतारीख आणि चित्रावेळचं वय लिहा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवर हा कुत्रा कारवान असतो, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदांवर मुधोळ. टपाल खात्याने २००५ साली काढलेल्या कुत्र्यांच्या तिकिटावरही नाव मुधोळच आहे. ज्या कागदांवरून माहिती उतरवली, त्यातलंच नाव लिहा.