34 हजार सोडून 28 हजारांवर का आलो

आयटीआय करून भोसरी-चाकणकडं नोकरी शोधणारी आमच्या आळीतली पोरं हमखास विचारतात, "काका, आधीच्या कंपनीत 34 हजार मिळत होते. 28 हजारांवर का आलात?" दर वेळी गेटवर उभ्याउभ्या अर्धंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगतो.

आधी पगाराचं. त्या 34 हजारांत बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 13 हजारच होते, बाकी सगळे इतर भत्ते. हातात रक्कम बरी पडायची, म्हणून नऊ वर्षं मी स्लिप नीट वाचलीच नाही. सोडताना ग्रॅच्युइटी मांडली, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळतात ते पैसे. त्यात फक्त बेसिक-डीए धरतात: 13 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 9. आले 67,500. बेसिक 26 हजार असतं तर बरोबर दुप्पट आले असते. ओव्हरटाइम 'इन्सेंटिव्ह' म्हणून एकेरी दरानं मिळायचा. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात तो दुप्पट दरानं द्यायला सांगितला होता, हे मला तिथं कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

पण सोडलं ते पैशापायी नाही.

पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड भाग, खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (साच्यात) राहूच शकत नाही. आमच्याकडं थर्ड शिफ्टला डावं बटण लाकडाची पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवायचे. तासाला पीस वाढायचे. प्लँट हेडला हे ठाऊक होतं. सकाळच्या मीटिंगला तो फक्त आकडा विचारायचा. मी सुपरवायझर होतो, पाचर मलाही दिसत होती.

एका पहाटे कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. वय असेल एकवीस. ओरडला नाही, नुसता हाताकडं बघत राहिला. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी कुणीतरी पाचर काढून टाकली होती. सकाळी प्लँट हेड मला म्हणाला, "घरी दारात बोट चेमटलं असं लिही."

याचा अर्थ पोरांनो समजून घ्या. कामावरची इजा म्हटली की ईएसआयतून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून, पगाराच्या 90 टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर पुढं आयुष्यभर दरमहा रक्कम. घरची इजा म्हटली की आजारपणाचे 70 टक्के, तेही ठरावीक दिवस. एका ओळीनं त्या पोराचं एवढं जाणार होतं. मी सही केली नाही. दुसऱ्या सुपरवायझरनं केली. पोरगंही 'हो' म्हणालं, कारण ठेकेदार शेजारीच उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन हे 90 आणि 70 समजावायला हवं होतं. ते राहिलं, आणि ते अजून सलतं.

महिन्याभरात राजीनामा दिला.

इथं 28 हजारांत बेसिक 19 आहे. पहिल्याच आठवड्यात एका हेल्परनं सेन्सर चालत नाही म्हणून प्रेस बंद केला. मालक स्वतः खाली आले. मला वाटलं, आता पोरगं बोलणी खाणार. त्यांनी मेंटेनन्सवाल्याला विचारलं, "किती वेळ लागेल?" तो म्हणाला, दीड तास. "बरं," म्हणाले, आणि त्या हेल्परला चहाला घेऊन गेले.