गोगलगायींना कशाला दारू?

एमएस्सी झूऑलॉजीच्या प्रोजेक्टला मी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या नेरीटा गोगलगायी घेतल्या. एकेकीच्या शंखाचा रंग इतका वेगळा, की जात एकच की दोन हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून डीएनएवरून त्यांचा वंशवृक्ष काढायचा. अमावास्येच्या ओहोटीला बँडस्टँडवर उतरलं की एका सकाळीत नमुने होतात. खरी उत्क्रांती बघायची तर ते नमुने टिकवायला लागणाऱ्या अल्कोहोलचा अर्ज पुढे सरकताना बघावी.

फॉर्मालिन लॅबमध्ये लागेल तेवढं, कुणी विचारत नाही. पण त्यात डीएनए तुटतो, प्रथिनांशी जखडतो. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साडेसहाशे बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा मग हाती लागणं कठीण. त्यासाठी ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉलच हवं, आणि इथेनॉल म्हटलं की १९४९चा दारूबंदी कायदा, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना. आमच्या कॉलेजात तो परवाना केमिस्ट्रीकडे.

"किती पाहिजे?"

"अर्धा लिटर."

"कशाला?"

"गोगलगायी ठेवायला."

क्लार्कने चष्मा नाकावर खाली घेतला. "गोगलगायींना कशाला दारू?"

हसले सगळे. अर्ज मात्र परत आला, कारण मी 'आवश्यकतेनुसार' लिहिलं होतं. आकडा मिलीलीटरमध्ये हवा. मग गाइडची सही, दोन्ही विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही. सगळं झालं तर कपाटाची किल्ली ज्या मामांकडे, ते इलेक्शन ड्युटीवर. किल्ली दुसऱ्याकडे द्यायची तर पुन्हा लेखी अर्ज! मला रडू यायचं बाकी होतं. बादलीतल्या नेरीटा मात्र निवांत. पाण्याबाहेर कडेला चढायच्या आणि शंखाचं झाकण घट्ट लावून बसायच्या. भरती-ओहोटीची सवय असलेला जीव तो, ऑफिसचं वेळापत्रक त्याला काय जड जाणार?

म्हणून आधी अल्कोहोल हातात घ्या, मग ओहोटीची तारीख बघा. अर्जात प्रत्येक बाटलीमागे किती लागेल ते मांडा, आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं अल्कोहोलही त्यातच धरा. मांसातलं पाणी सुटून पहिलं पातळ होतं. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते.

पुढचं सगळं सुरळीत झालं. गोगलगायींच्या चिकट स्रावामुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडतं, म्हणून साध्या पद्धतीऐवजी सीटॅब या रसायनाने डीएनए काढा. सिक्वेन्स, म्हणजे बेसचा क्रम, आले की अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकाँड्रियाचा जेनेटिक कोड निवडून त्यांचं प्रथिनात भाषांतर करून बघा. मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन थांबवायची खूण, दिसला तर तो तुकडा संशयास्पद. बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी दूरच्या नात्यातल्या जातीचा सिक्वेन्स, जेनबँक या डीएनएच्या खुल्या संग्रहातून आधीच उतरवून ठेवा, तो नसेल तर झाडाचं मूळ कुठे धरायचं ते ठरत नाही. व्हायव्हामध्ये एका जनुकाचं झाड म्हणजे जातींचं झाड का नाही, हे हमखास विचारतात. मला विचारलं, आणि मी उत्तर दिलं.

उरलेलं अल्कोहोल परत करताना रजिस्टरमध्ये सही घ्यायला विसरू नका. नो-ड्यूजच्या वेळी तेच रजिस्टर काढतात.