बाबांनी उचललेलं हाड

आई-बाबा बडोद्याहून तीन महिन्यांसाठी आलेत, त्यामुळे सध्या दर वीकेंडला भटकंती. गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत युटाच्या वाळवंटी भागात गेलो होतो आणि एका उतारावर बाबांनी दगड उचलला, तपकिरी, आतून स्पंजसारखा जाळीदार. हाडच होतं ते, दगड झालेलं! बाबा म्हणाले, दांडिया बाजारच्या घरी शोकेसमध्ये ठेवू, गुजरातमधल्या रैयोलीहून तू आणलेल्या जीवाश्माच्या तुकड्याशेजारी. मला म्हणावं लागलं, बाबा, जिथून उचललंत तिथेच ठेवा.

त्यांना वाईट वाटलं. म्हणून सगळं नीट लिहितेय, तुमच्यापैकी कोणी इकडे आलात तर उपयोगी पडेल.

इथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट बघते ती सरकारी जमीन खूप आहे, तिथे बहुतेक ठिकाणी शिंपले, ट्रायलोबाइट (कणा नसलेले प्राचीन समुद्री जीव), पानांचे ठसे असले नेहमी सापडणारे जीवाश्म घरी ठेवण्यापुरते घ्यायला परमिट लागत नाही, फक्त हातोडी-छिन्नी वापरायची, विकायचं नाही. दगड झालेलं लाकूडही चालतं, माणशी दिवसाला 25 पाउंड आणि वर एक तुकडा, वर्षात 250 पाउंडांपर्यंत. पण कणा असलेल्या प्राण्याचं काही असेल, डायनासोर असो की मासा, हाड, दात, पायाचा ठसासुद्धा, तर परमिटशिवाय न्यायचं नाही. 2009 चा कायदा आहे तसा. परमिट मिळतं ते अभ्यासकांना, आणि त्यांनी काढलेलं हाडही सरकारचंच राहतं. नॅशनल पार्कमध्ये तर शिंपलाही उचलायचा नाही.

बाबांचं म्हणणं, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? मग मी त्यांना आपल्या राजासौरस डायनासोरचं सांगितलं. बालासिनोरजवळ रैयोलीला 1980 च्या दशकात जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) लोकांनी हाडं काढली तेव्हा कुठलं हाड कुठे पडलंय याचा नकाशा करून ठेवला, आणि कितीतरी वर्षांनी त्या नकाशामुळेच हाडं जुळवता आली, 2003 मध्ये नाव जाहीर झालं, राजासौरस नर्मदेन्सिस. हाड जागेवरून हललं की अर्धी माहिती गेलीच.

बाबा काही बोलले नाहीत, वाकून हाड होतं तसं ठेवलं. आम्ही फोटो काढले, लोकेशन घेतलं, सोमवारी तिथल्या ऑफिसला मेल केलं.

काल चहा पिताना म्हणाले, परत गेलो की तो रैयोलीचा तुकडा तिथल्या म्युझियममध्ये देऊन येतो, शाळेच्या ट्रिपला तू नक्की कुठून उचलला होतास ते सांग.

मला आठवत नाही.